काडतुसांचा हिशेब आहे, पिस्तुलाचा नाही

मा. पोलीस महासंचालक,
महाराष्ट्र राज्य, मुंबई यांस,



राज्याच्या पोलीस दलात आर्मोरर, म्हणजे हत्यारांची देखभाल-दुरुस्ती करणारा, म्हणून नोकरी करून मी निवृत्त झालो आहे. सेवेत असतो तर हे म्हणणे राखीव पोलीस निरीक्षकांमार्फत वर पाठवले असते. आता खुल्या पत्रात लिहितो, कारण विषय खात्याच्या चार भिंतींत मावणारा नाही. ज्या फौजदाराच्या कमरेला सरकारी पिस्तूल असते त्याच्या बायकोमुलांचा या विषयाशी संबंध आहे, आणि आठवडी बाजारात त्याच्या शेजारून पिशवी घेऊन जाणाऱ्या माणसाचाही आहे.

गोळीबाराचा सराव संपला की मैदानावर काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या वेचणे सुरू होते. दिलेले राऊंड, झाडलेले राऊंड, शिल्लक राऊंड आणि जमा पुंगळ्या यांचा मेळ बसल्याशिवाय कोणी गाडीत चढत नाही. एक पुंगळी कमी भरली तर सगळी तुकडी गवतात वाकते. अंधार पडू लागला तर गाडीचे दिवे लावून शोध चालतो. हे योग्यच आहे. सरकारी काडतूस भलत्या हाती जाता कामा नये. पण ज्या पिस्तुलातून ते राऊंड गेले, त्याच्या नावावर त्या दिवशी काय लिहिले जाते? बट नंबर, कोणाला दिले, कधी परत आले, सही. बस्स. मी ज्या शस्त्रागारांत काम केले त्यांतल्या एकाही ठिकाणी, अमुक नंबरच्या पिस्तुलाने आजवर किती राऊंड झाडले आणि त्याची कोणती स्प्रिंग कधी बदलली, हे सांगणारे पान नव्हते. मोटार परिवहन विभागातल्या प्रत्येक जीपला लॉगबुक असते. किती किलोमीटरला ऑइल बदलले, कोणता पट्टा नवा घातला, ते त्यात सापडते. जिवाशी गाठ असलेल्या हत्याराला तेवढेही नाही.

याने काय बिघडते, ते सांगण्यासाठी पोलिसाचे पिस्तूल झिजते कसे, तिथपासून सुरुवात करावी लागेल. ते वर्षानुवर्षे कमरेला घासते, जीपच्या सीटवर आपटते, घाम आणि पाऊस पिते, आणि वर्षातून एखाद्या दिवशी थोडेसे चालते. त्यामुळे त्याचे बाहेरचे रूप आणि आतली तब्येत यांचा मेळ सहसा नसतो. होल्स्टरमध्ये घासून नळीच्या तोंडाचा आणि स्लाइडच्या कडांचा काळा मुलामा निघून जातो, पांढरे पोलाद दिसू लागते. बघणाऱ्याला वाटते, हे आता भंगारात काढावे. पण उघडून नळीतून उजेडाकडे पाहावे तर पिळाच्या खाचा स्वच्छ आणि धारदार. अमेरिकेत पोलीस खाती जुनी पिस्तुले व्यापाऱ्याला देऊन नवी घेतात, आणि तिथले जाणकार अशी रंग उडालेली पिस्तुले आवर्जून विकत घेतात, ती याच कारणाने. वागवली खूप, झाडली कमी, हे त्यांना ठाऊक असते. तसला व्यवहार आपल्याकडे नाही आणि नसावाच. त्यामागची जाण मात्र घेण्यासारखी आहे.

आता याच्या उलट, प्रशिक्षणासाठी राखलेले पिस्तूल घ्या. ते पावसात भिजत नाही, कोणाच्या कमरेला घासत नाही, वरून कोरे दिसते. पण प्रत्येक तुकडीतला प्रत्येक जण त्याच पिस्तुलावर नेम शिकतो. काही वर्षांत त्यातून हजारो राऊंड जातात. आणि एक दिवस वाटपाच्या फेरबदलात तेच ‘चांगल्या स्थितीतले’ पिस्तूल जिल्ह्यात येते, एखाद्या तरुण उपनिरीक्षकाच्या नावावर चढते. तो खूश होतो. रंग उडालेले जुने पिस्तूल ज्याच्या वाट्याला आले तो कुरकुरतो. खरे पाहता कुरकुरायला हवे होते पहिल्याने. पण त्याला ते कळणार कसे? राऊंडांचा आकडा कुठे लिहिलेलाच नाही.

आपल्याकडे पोलिसांच्या हाती दिसणारे ९ मिमीचे ऑटो १ए पिस्तूल बंगालमधल्या ईशापूरच्या रायफल कारखान्यात बनते. मूळ आराखडा जॉन ब्राउनिंग यांचा. बेल्जियमच्या एफएन कंपनीत द्योदोने सेव्ह यांनी तो पूर्ण केला आणि १९३५ मध्ये ते पिस्तूल बाजारात आले. मॅगझिनमध्ये १३ काडतुसे. नव्वद वर्षांचा आराखडा म्हणून कोणी नाक मुरडू नये. जगातल्या कितीतरी सैन्यांनी आणि पोलिसांनी ते वापरले, कारण ते दणकट आहे. त्याची चौकट आणि स्लाइड एका माणसाच्या सेवाकाळाहून जास्त टिकतात. टिकत नाहीत त्या स्प्रिंगा.

स्लाइडला पुढे ढकलणारी रिकॉइल स्प्रिंग तपासायची रीत एखाद्या नव्या शिपायालाही दोन मिनिटांत शिकवता येते. पिस्तूल रिकामे केले, चेंबर डोळ्यांनी पाहिले आणि बोटानेही चाचपले, की नळी वर करून स्लाइड मागे ओढायची आणि अगदी सावकाश पुढे सोडायची. शेवटची पाव इंच वाट तिने स्वतःच्या जोरावर पुरी करून घट्ट बंद व्हायला हवे. स्प्रिंग थकलेली असेल तर स्लाइड तिथेच रेंगाळते, बोटाने ढकलावी लागते. अशा पिस्तुलात काडतूस पुरते बसत नाही. शिवाय प्रत्येक बाराला स्लाइड मागे येऊन चौकटीवर जास्त जोराने आदळते आणि पुढे कधीतरी पोलादाला तडा जातो. म्हणजे थोडक्या किमतीची स्प्रिंग वेळेवर न बदलल्याने अख्खे पिस्तूल निकामी होते. या स्प्रिंगा दर काही हजार राऊंडांनंतर बदलायच्या असतात, हे त्या बनवणारेच सांगतात. पण राऊंड किती झाले तेच माहीत नसेल तर बदलणार कधी? मग बदलण्याची वेळ एकच उरते, पिस्तूल अडल्यावर. आणि पिस्तूल कुठे अडेल हे आपल्या हातात नसते.

घोड्याच्या स्प्रिंगेचे दुखणे आणखी छुपे. ती मऊ पडली की घोडा पडतो, आवाजही होतो, पण काडतुसाच्या टोपीवर ठोका उथळ बसतो आणि बार होत नाही. मला सगळ्यात वाईट याचे वाटते की, हे आधीच सांगणारा साक्षीदार आपल्या हातात असतो. मैदानावरून वेचून आणलेल्या पुंगळ्या आपण मोजतो, पण उलटून बघत नाही. पुंगळीच्या बुडावर टोपीतला खड्डा खोल आणि मधोमध असेल तर फायरिंग पिन आणि घोडा ठीक. उथळ असेल तर स्प्रिंग बघा. एका बाजूला सरकलेला असेल तर नळी आणि स्लाइडची बसण्याची जागा बघा. कडेचा ओठ ओरबाडलेला असेल तर एक्स्ट्रॅक्टरची नखी झिजली आहे. तो एक्स्ट्रॅक्टर उद्या पुंगळी चेंबरमध्येच सोडेल, मागचे काडतूस तिच्यावर जाऊन अडकेल आणि पिस्तूल बंद पडेल. प्रत्येक पिस्तुलाच्या दोनचार पुंगळ्या वेगळ्या पुडीत ठेवून आर्मोररने पाहायच्या ठरवल्या तर खर्च शून्य आहे. त्या पोत्यात एकत्र ओतल्या की साक्ष संपली.

मॅगझिनबद्दलही एवढेच. अडण्याच्या ज्या तक्रारी माझ्यापुढे आल्या त्यांतल्या बहुतेकांचे मूळ पिस्तुलात नव्हते, मॅगझिनच्या वाकलेल्या ओठांत होते. फरशीवर एकदा तोंडावर पडलेले मॅगझिन काडतूस तिरके सोडते. तरीही मॅगझिने टोपलीत एकत्र पडलेली असतात आणि हाताला येईल ते दिले जाते. मॅगझिनवर नंबर टाकावा, ते त्याच पिस्तुलाबरोबर राहावे, आणि ज्याने दोनदा अडवले ते सरावापुरते वेगळे काढावे.

माझ्या काळात .३८ ची रिव्हॉल्व्हरेही भरपूर होती, बर्मिंगहॅमच्या वेब्ली कंपनीची, मधून मोडून उघडणारी. रिव्हॉल्व्हर अडत नाही असा खात्यात समज आहे. तो अर्धाच खरा. काडतूस फुटले नाही तर पुन्हा चाप दाबला की दुसरे समोर येते, ही त्याची मोठी जमेची बाजू. पण त्याची झीज डोळ्यांना दिसत नाही, हाताला कळते. घोडा सावकाश मागे ओढला की तो पुरता चढण्याआधी चक्री जागेवर येऊन खट्कन अडली पाहिजे. मग चाप दाबून धरून चक्री दोन बोटांनी हलवून पाहावी. ती डगडगत असेल तर चक्रीतले घर आणि नळी एका रेषेत नाहीत. अशा रिव्हॉल्व्हरमधून गोळी नळीच्या तोंडावर घासून आत शिरते, शिशाचे कण बाजूला उडतात आणि शेजारी उभ्या असलेल्या सहकाऱ्याच्या गालाला लागतात. बिजागरी सैल झालेले वेब्ली तर कानाशी हलवले तरी ओळखू येते. अशी हत्यारे बंदोबस्ताला देऊ नयेत. ती इतिहासात जमा करण्याइतकी जुनी आहेत आणि त्यांनी आपले काम केले आहे.

गंजाबद्दल लिहिताना मला कोकण आठवते. मृग लागला की रत्नागिरी-सिंधुदुर्गात कपाटातले कपडेसुद्धा ओलसर लागतात. मुंबईत वर्षभर खारी हवा. आणि आपण पिस्तूल ठेवतो कुठे? चामड्याच्या होल्स्टरमध्ये, रात्रभर, बटण लावून. चामडे पाणी धरून ठेवते आणि कमावताना वापरलेले क्षार त्यात उरलेले असतात. त्या ओलसर पिशवीत दडपून ठेवलेल्या पोलादावर चार दिवसांत तांबूस ठिपके येतात. ते पुसले तर निघतात, राहिले तर खड्डे पाडतात. पितळी काडतुसे चामड्याच्या पट्ट्यात तशीच राहिली तर हिरवा कळंक धरतात आणि ऐनवेळी चेंबरमध्ये चिकटतात. होल्स्टर हे पिस्तूल वागवायला आहे, साठवायला नाही. ड्युटी संपली की पिस्तूल बाहेर काढून कोरड्या फडक्याने पुसायचे, तेलाचा हात फिरवायचा, रॅकवर ठेवायचे. शस्त्रागारात चोवीस तास जळणारा एक साधा दिवा कपाटाच्या तळाशी ठेवला तरी ओल पळते. ही जुन्या लोकांची रीत होती. पुढे वीज बचतीच्या नावाखाली तो बंद झाल्याचेही मी पाहिले आहे.

जुन्या लोकांकडे आणखी एक ज्ञान होते. .३०३ रायफलीच्या त्या काळच्या काडतुसांच्या टोपीतून बार झाल्यावर क्षार मागे राहत, ते हवेतले पाणी ओढून घेत आणि नळी आतून खाऊन टाकत. क्षार तेलात विरघळत नाहीत, पाण्यात विरघळतात. म्हणून सरावानंतर नळीत आधी उकळते पाणी ओतत, मग कोरडी चिंधी फिरवत आणि शेवटी तेल लावत. आता काडतुसे सुधारली, ती गरज बहुतेक संपली. पण तेल लावले म्हणजे सफाई झाली, ही समजूत मागे उरली आहे. ती नुकसान करते.

कारण पिस्तूल तेलाअभावी बिघडते तसे जास्त तेलानेही बिघडते. वार्षिक तपासणी जवळ आली की शस्त्रागारात तेलाचा पूर येतो. वरून सगळे चकाकते. पण फायरिंग पिनच्या भोकात गेलेले तेल धूळ आणि बारुदाची काजळी धरून घट्ट होते, पिन त्यात रुतते आणि ठोका उथळ बसतो. चेंबरमध्ये तेल राहिले तर ते काडतुसाच्या टोपीत झिरपू शकते आणि काडतूस मुके होते. त्याहून वाईट म्हणजे गंजाचा डाग निघत नाही म्हणून पॉलिश पेपरने घासणे. डाग जातो, त्याबरोबर मुलामाही जातो, आणि पुढच्या पावसाळ्यात तिथेच दुप्पट गंज धरतो. तपासणी अधिकाऱ्याला उजळ हत्यार दाखवायचे म्हणून त्याचे आयुष्य कमी करणे, हा कामचुकारपणाही नाही. लोक मेहनत करून हे करतात. त्यांना दुसरे काही शिकवलेले नसते. महोदय, तपासणीच्या वेळी अधिकाऱ्यांनी चकाकी न पाहता एखादे पिस्तूल उघडायला सांगावे आणि फायरिंग पिन हातावर घेऊन पाहावी. एका वर्षात सगळ्या जिल्ह्यांत फरक पडेल.

आता काडतुसे. छोट्या हत्यारांची काडतुसे बनवणारे कारखाने आपल्याच राज्यात आहेत, एक पुण्याच्या खडकीला, १८६९ पासूनचा, आणि दुसरा जळगाव जिल्ह्यात वरणगावला. तरीही सरावाला काडतुसे पुरत नाहीत, हे गाऱ्हाणे जुने आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यानंतर राज्य सरकारने नेमलेल्या राम प्रधान समितीने काडतुसांच्या तुटवड्याची आणि त्यामुळे बुडालेल्या सरावाची नोंद घेतली होती. त्या रात्री गिरगाव चौपाटीवर सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी हातात फक्त लाठी असताना हल्लेखोराच्या एके-४७ ची नळी दोन्ही हातांनी धरली. पुढे त्यांना मरणोत्तर अशोक चक्र मिळाले. त्यांच्या धैर्याची गोष्ट आपण दरवर्षी सांगतो आणि सांगितलीच पाहिजे. पण त्याचबरोबर हेही पाहिले पाहिजे की, पुढच्या वेळी ज्याच्या हातात पिस्तूल असेल त्याचे पिस्तूल चालते की नाही, हे त्याने स्वतः गेल्या सहा महिन्यांत झाडून पाहिलेले असावे.

इतर राज्यांत काय घडले ते सर्वांनी पाहिले. २१ ऑगस्ट २०१९ रोजी बिहारच्या सुपौल जिल्ह्यात माजी मुख्यमंत्री जगन्नाथ मिश्र यांच्या अंत्यसंस्काराच्या वेळी मानवंदनेला एकाही रायफलीतून बार निघाला नाही. डिसेंबर २०२२ मध्ये उत्तर प्रदेशातल्या खलीलाबादच्या ठाण्यात तपासणी चालू असताना एका उपनिरीक्षकाने काडतूस बंदुकीच्या तोंडातून आत सोडले, त्याचे चित्रीकरण देशभर फिरले. लोक हसले. मला हसू आले नाही. हत्यार वर्षानुवर्षे कपाटात आणि माणूस वर्षानुवर्षे टेबलावर, असे ठेवले की दोघेही निकामी होतात. यात दोष त्या उपनिरीक्षकाच्या वरच्या व्यवस्थेचा आहे.

जुनी काडतुसे सरावात संपवावीत आणि नवी ड्युटीला द्यावीत, हा साधा नियम आहे. पण जुने काडतूस सरावात वापरताना एक धोका असतो. बारुद अर्धवट जळाली तर फुसका आवाज येतो आणि गोळी नळीतच अडकते. मैदानावरच्या घाईत माणूस पुन्हा चाप दाबतो. मागची गोळी पुढच्या गोळीवर आदळते आणि नळी त्या जागी आतून फुगते. बाहेरून काहीच दिसत नाही. नळीतून उजेडाकडे पाहिले तर मात्र एक काळी वर्तुळाकार सावली दिसते, अंगठीएवढी. असे पिस्तूल पुढे कधीतरी फुटू शकते. ही सावली ओळखणारे किती लोक आज शस्त्रागारांत उरले आहेत, याची काळजी मला वाटते.

अंगरक्षकांच्या पिस्तुलांचे आणखी एक दुखणे आहे. ड्युटीवर जाताना ते चेंबरमध्ये काडतूस चढवतात, परत आल्यावर काढतात, आणि तेच काडतूस पुन्हा मॅगझिनमध्ये सगळ्यात वर ठेवतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच चढते. दर वेळी त्याचे टोक चेंबरकडे नेणाऱ्या उतारावर (रॅम्पवर) आदळते आणि गोळी केसाएवढी आत सरकत जाते. गोळी आत गेली की बारुदीला जागा कमी पडते आणि बार होताना दाब धोकादायक वाढतो. दोन काडतुसे शेजारी उभी करून उंची पाहिली तर फरक नजरेला कळतो. वरचे काडतूस फिरते ठेवावे आणि आखूड झालेले बाजूला काढावे, एवढाच उपाय.

हत्यारे जमा करताना होणारे अपघात हा सगळ्यात दुःखाचा भाग. साफ करताना गोळी सुटली, अशी बातमी दर काही महिन्यांनी वाचायला मिळते. ऑटो १ए चे इथे एक वैशिष्ट्य आहे. मॅगझिन काढले की त्याचा चाप घोड्याला सोडत नाही. सुरक्षेसाठीच केलेली ही योजना. पण रात्रीच्या गस्तीवरून आलेला थकलेला माणूस क्रम चुकतो. मॅगझिन आत असतानाच स्लाइड ओढतो, म्हणजे एक काडतूस चेंबरमध्ये चढते. मग मॅगझिन काढतो, चाप दाबतो, काही होत नाही. त्याला वाटते, रिकामे आहे. नंतर घोडा उतरवण्यासाठी रिकामे मॅगझिन आत घालून पुन्हा चाप दाबतो, आणि गोळी सुटते. समोर भिंत असेल तर नशीब. ग्लॉक १७ या नव्या धर्तीच्या पिस्तुलाला ही योजना नाही, पण ते उघडायचे तर आधी चाप दाबावाच लागतो. चेंबर न पाहता दाबला तर तिथेही तेच. म्हणून शस्त्रागाराच्या दारात वाळू भरलेली एक पेटी असावी आणि पिस्तूल रिकामे करण्याचे काम फक्त नळी तिच्यात रोखूनच व्हावे. आधी मॅगझिन, मग स्लाइड, मग डोळा, मग बोट. काही ठिकाणी अशी पेटी आहे. ती प्रत्येक ठाण्यात हवी.

या सगळ्या दुखण्यांवर उत्तर म्हणून नवी पिस्तुले घेण्याची चर्चा नेहमी होते. घ्यावीत. ऑस्ट्रियाच्या सैन्याने १९८२ मध्ये स्वीकारलेले ग्लॉक आज जगभर पोलिसांच्या कमरेला आहे. त्याची चौकट प्लास्टिकची, तिला गंज नाही, आणि स्लाइडवरची प्रक्रियाही खाऱ्या हवेला दाद देत नाही. पण त्याच्या आतही स्प्रिंगच आहे, एक्स्ट्रॅक्टर आहे, फायरिंग पिनची वाट आहे जिच्यात तेल घालू नये असे बनवणारेच सांगतात. ‘याला काही करावे लागत नाही’ हे वाक्य मी नव्या पिस्तुलांबद्दल अनेकदा ऐकले आहे. ज्या पिस्तुलाला काही करावे लागत नाही, त्याला कोणी काहीच करत नाही, आणि दहा वर्षांनी तेही कपाटातल्या जुन्यांच्या रांगेत जाऊन बसते. खरेदीच्या प्रस्तावात पिस्तुलांबरोबर सुट्या भागांचा आणि आर्मोररांच्या प्रशिक्षणाचा खर्च धरला नाही, तर खरेदी अर्धवट आहे असे मी मानतो.

आणि आर्मोररांबद्दल एक शब्द. हे काम कोणाच्या नजरेत भरत नाही. बदली-बढतीच्या यादीत ते शेवटी येते. पुष्कळदा ज्याला दुसरे काही जमत नाही त्याला शस्त्रागारात पाठवतात. हात बसायला वर्षे लागणारे हे काम आहे. वरिष्ठाच्या हाताखाली बसून, कान लावून, बोटांनी शिकायचे. जुना माणूस निवृत्त होतो आणि त्याच्या जागी रजिस्टर लिहिणारा येतो. मग हत्यार दुरुस्तीला दूर पाठवले जाते, महिनोन्‌महिने अडकते, आणि तोवर ठाण्याला जे आहे त्यावर भागवावे लागते.

माझी विनंती मोठ्या योजनेची नाही. प्रत्येक पिस्तुलाला आणि रिव्हॉल्व्हरला त्याच्या नंबराची एक छोटी वही द्यावी, जी हत्याराबरोबर एका शस्त्रागारातून दुसऱ्यात जाईल. तिच्यात सरावाच्या दिवशी झाडलेले राऊंड, अडले असेल तर कसे अडले, आणि बदललेला प्रत्येक भाग तारखेसह लिहावा. ज्याच्या नावावर जे पिस्तूल आहे त्याने वार्षिक गोळीबार सराव त्याच पिस्तुलाने करावा, मैदानावर ठेवलेल्या सरावाच्या पिस्तुलाने नाही. ठरलेल्या राऊंडांनंतर रिकॉइल स्प्रिंग न विचारता बदलावी आणि त्यासाठी जिल्ह्याच्या शस्त्रागारात स्प्रिंगा, एक्स्ट्रॅक्टर आणि फायरिंग पिना शिल्लक असाव्यात. चौकटीला तडा, नळीत फुगवटा, चक्रीला डगडग, यांतले एक जरी आढळले तर हत्यार त्याच दिवशी वाटपातून बाहेर काढण्याचा अधिकार आर्मोररला असावा, वरच्या सहीची वाट न बघता. वहीत नोंदी असतील तर कोणते पिस्तूल खरोखर संपले आहे आणि कोणाचा फक्त रंग उडाला आहे, हे हत्यारे भंगारात काढणाऱ्या निर्लेखन समितीलाही कळेल. चांगली हत्यारे भंगारात आणि थकलेली कमरेला, असे होणार नाही.

आपल्या कार्यालयातून निघणाऱ्या वार्षिक तपासणीच्या नमुन्यात आज ‘हत्यारांची स्थिती’ असा एक रकाना असतो आणि त्यापुढे ‘समाधानकारक’ असे लिहिले जाते. त्या जागी झाडलेल्या एकूण राऊंडांचा आकडा आणि शेवटची स्प्रिंग बदलल्याची तारीख मागावी. येत्या पावसाळ्याआधी एवढे परिपत्रक निघावे, ही कळकळीची विनंती.

आपला विश्वासू,
एक निवृत्त आर्मोरर